ओपीडीत डिप्रेशनची पहिली गोळी: एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन की अमिट्रिप्टिलिन?

सातपुडा_पायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली ओपीडी. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी येतात, एरवी डिप्रेशनचे पेशंट आम्हा एमबीबीएसवाल्यांच्याच टेबलावर. औषधाच्या खिडकीत तीन गोळ्या मिळतात: अमिट्रिप्टिलिन २५, फ्लुओक्सेटिन २० आणि एसिटालोप्राम १०. बाहेरच्या मेडिकलमध्ये सगळंच मिळतं, पण दर महिन्याला विकत घेणं प्रत्येकाला झेपत नाही.

आत्महत्येचा धोका ठळक असलेले, भ्रम-भास असलेले, अन्नपाणी सोडलेले पेशंट आम्ही लगेच पुढे पाठवतो, त्यांच्याबद्दल विचारत नाही. घरून येऊन औषध नेणाऱ्या मध्यम डिप्रेशनच्या पेशंटबद्दल विचारतोय. साधारण तीन प्रकार वारंवार दिसतात.

एक, चाळिशीच्या आसपासची बाई. मान-पाठ-कंबर दुखते, झोप नाही, "कसामाच मन लागत नही" म्हणते. दोन, साठी ओलांडलेले आबा. डायबेटिस आहे, बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं थायझाइड औषध) आहे, लघवीची धार बारीक. तीन, तिशीच्या आतला कपाशीवाला शेतकरी. भूक मेलेली, वजन उतरलेलं, रोज संध्याकाळी थोडी घेतो.

तिघांना एकच गोळी द्यायची की वेगवेगळी? किती दिवस वाट बघायची? डोस वाढवायचा की गोळी बदलायची? पुस्तकातला तक्ता नको, ओपीडीत वापरता येईल असं सांगा.

---

पांझरा_काठ

डॉक्टर, आधी एक गैरसमज काढून टाकू. कोणती गोळी "जास्त पॉवरची" यावर फार डोकं शिणवू नका. २०१८ साली लॅन्सेटमध्ये २१ अँटिडिप्रेसंटची तुलना आली होती, ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ पेशंट. एकवीसच्या एकवीस गोळ्या प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) सरस निघाल्या. समोरासमोरच्या तुलनेत अमिट्रिप्टिलिन, एसिटालोप्राम, मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, व्होर्टिऑक्सेटिन आणि अगोमेलाटिन जरा वरचढ. औषध मध्येच सोडण्याचं प्रमाण बघितलं तर एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, सिटालोप्राम, व्होर्टिऑक्सेटिन, अगोमेलाटिन बरी. दोन्ही याद्यांत असलेली आणि तुमच्या खिडकीत मिळणारी गोळी एकच, एसिटालोप्राम. म्हणून काही विशेष कारण नसेल तर सुरुवात तिनेच. पण हा फरक मोठ्या गटाच्या सरासरीत दिसतो. समोरच्या एका पेशंटला कोणती लागू पडेल हे त्यावरून सांगता येत नाही.

अमेरिकेतला स्टार-डी हा अभ्यास मुद्दाम ओपीडीतल्या खऱ्याखुऱ्या पेशंटवर झाला. २००१ मध्ये सुरू, २००६ मध्ये निकाल. पहिल्या टप्प्यात सगळ्यांना सिटालोप्राम, पूर्ण बरे झाले सुमारे एक तृतीयांश. ज्यांना फरक पडला नाही त्यांच्यातल्या काहींना सर्ट्रालिन, काहींना ब्युप्रोपिऑन, काहींना व्हेन्लाफॅक्सिनवर नेलं. तीन वेगळ्या जातीच्या गोळ्या, पण तिन्हींत साधारण चारात एक बरा झाला. (त्या अभ्यासातल्या एकूण यशाच्या आकड्यावर नंतर बरीच टीका झाली, ते वेगळं प्रकरण.) माझ्या मते तिथून उचलण्यासारखी गोष्ट गोळीच्या नावात नाही. तिथे प्रत्येक भेटीला लक्षणं मोजली जात होती आणि डोस पुरेसा वर नेला जात होता. आपल्याकडे नेमकं हेच राहून जातं. अमिट्रिप्टिलिन २५ रात्री एक, असं वर्षभर चालू असतं. ती झोपेची आणि दुखण्याची मात्रा झाली. डिप्रेशनसाठी ७५ ते १५० मि.ग्रॅ. लागतात, आणि तिथवर जाईपर्यंत तोंड कोरडं पडून पेशंट पळालेला असतो.

आता तुमचे तिघं.

बाईंचं आधी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि जमल्यास बी-१२. थायरॉइड मंद असताना अँटिडिप्रेसंट कितीही बदला, गाडी पुढे सरकत नाही. मग एसिटालोप्राम १० ची अर्धी, सकाळी न्याहारीनंतर, सात दिवस. नंतर पूर्ण. सुरुवातीला मळमळ, डोकं जड, थोडी जादा घालमेल हे होतं आणि बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत जातं. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी पाकीट कोनाड्यात जाऊन पडतं. दुखणंच मुख्य असेल आणि विकत घेणं झेपत असेल तर ड्युलॉक्सेटिन २० किंवा ३० जेवणानंतर, आठवडा-दोन आठवड्यांनी ६०. लिव्हर खराब असेल किंवा दारू जास्त असेल तर ड्युलॉक्सेटिन नको.

आबांना अमिट्रिप्टिलिन नाहीच. लघवी अडकेल, रात्री उठताना बीपी पडून कंबरेचं हाड मोडेल. काचबिंदूचाही विचार करावा लागतो. एसिटालोप्राम द्यायची तर ६५ नंतर १० च्या वर नाही, कारण ईसीजीत क्यूटी लांबतो, म्हणजे हृदयाची लय बिघडायची भीती. सर्ट्रालिन २५ ने सुरू करून आठवड्याने ५० केली तर मला जास्त निर्धास्त वाटतं. हृदयविकाराच्या पेशंटमध्येही तिचा अनुभव चांगला आहे. मात्र आबांचा खरा धोका सोडियमचा. एसएसआरआय (एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या गटातल्या गोळ्या) आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही सोडियम उतरवतात, वयही त्यात भर घालतं. पहिल्या दोन-चार आठवड्यांत हे जास्त घडतं. सुरू करण्याआधी एक सोडियम आणि दोन आठवड्यांनी दुसरं. जमत असेल तर बीपीची गोळी बदलून अम्लोडिपिन. डायबेटिसच्या गोळ्या चालू असताना फ्लुओक्सेटिन दिली तर साखर खाली येऊ शकते, ग्लिमेपिराइडवाल्यांना तेवढं सांगून ठेवा.

कपाशीवाल्याचा प्रश्न गोळीच्या आधी दारूचा आहे. रोजची दारू हीच उदासी वाढवते. ती सुटल्यावर दोन ते चार आठवड्यांत चित्र पुष्कळदा बदलतं. पण रोज जास्त पिणाऱ्याला "आजपासून बंद" सांगून घरी पाठवू नका. हात थरथरणं, फिट, भ्रम याची जोखीम असते, ते नियोजन करूनच. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्या. भूक आणि झोप दोन्ही गेली असेल तर मिर्टाझापिन १५ ची अर्धी रात्री, मग १५. भूक उघडते, झोप लागते, वजन वाढतं. आबांना जे नको तेच इथे हवं. पण ही गोळी आणि दारू एकत्र आली तर गुंगी फार, हे बायको-आईसमोर स्पष्ट सांगा. ब्युप्रोपिऑन इथे अजिबात नको, दारू अचानक तुटली की फिट येण्याचा धोका वाढतो. अमिट्रिप्टिलिनही नको. जादा डोसमध्ये ती थेट हृदयावर जाते, आणि या वयाच्या, या हलाखीतल्या माणसाच्या घरात महिन्याच्या ट्रायसायक्लिक (अमिट्रिप्टिलिनच्या गटातल्या) गोळ्या ठेवणं मला पटत नाही.

आणि तिघांनाही विचारायचाच असा प्रश्न: कधी आठवडाभर झोप नसतानाही दमला नाहीत, खर्च वाढला, बडबड वाढली, असं झालं होतं का? घरात कुणाला झालं होतं का? उत्तर हो असेल तर एकटी अँटिडिप्रेसंट सुरू करू नका. बायपोलर (कधी उदासी, कधी अति उत्साह असा आजार) निघाला तर गोळीने उलटा चढेल.

---

जळगाव_औषधशास्त्र

पांझरा सरांनी निवड सांगितली. गोळी खिडकीतून घरी गेल्यावर काय होतं ते मी मांडतो, कारण बिघडतं ते तिथेच.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे एसिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ ची जोडगोळी. पेशंटला पहिल्या रात्रीच झोप लागते, "गोळी लागू पडली" असं वाटतं, आणि मग तीच चिठ्ठी दाखवून दोन-दोन वर्षं नेली जाते. गुण क्लोनाझेपामचा आणि सवयही तिचीच. अडचण अशी की एसिटालोप्राम २० करायची झाली तर क्लोनाझेपामही दुप्पट होते, आणि क्लोनाझेपाम उतरवायची तर एसिटालोप्रामही सोबत उतरते. सुरुवातीची घालमेल शमवायला क्लोनाझेपाम द्यायचीच असेल तर वेगळी गोळी, ०.२५ रात्री, दोन, फार तर चार आठवडे, आणि बंद करायची तारीख केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहा. म्हाताऱ्यांना तीही नको. तीच गत फ्लुपेंटिक्सॉल-मेलिट्रासेन जोडीची. "गॅस आणि जीव घाबरणे" म्हणून ती लिहिली जाते, पण त्यात अँटिसायकोटिक (भ्रम-भासावरचं औषध) आहे. महिनोन्महिने घेतली की हात थरथरणं, चेहरा ताठणं सुरू होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

जी गोळी मोडायला सांगता ती मोडता येते का ते बघा. एसिटालोप्राम १० ला बहुधा मधे रेघ असते, अर्धी नीट होते. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूल उघडून, दाणे भाकरीच्या घासात चुरून घेणारे भेटतात. तसं केलं की हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं, ड्युलॉक्सेटिनचं तर पोटातल्या आम्लानेच वाटोळं होतं. पॅरोक्सेटिन सीआर आणि डेसव्हेन्लाफॅक्सिन अखंडच गिळायची.

चुकलेल्या डोसचं गणित गोळीगणिक वेगळं. व्हेन्लाफॅक्सिन एक दिवस चुकली तरी संध्याकाळपर्यंत चक्कर, मळमळ, "डोक्यात करंट मारल्यासारखं" सुरू होतं. पॅरोक्सेटिनही तशीच खोडकर. फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात आठवडे रेंगाळते, दोन-तीन दिवस चुकले तरी कळत नाही. म्हणून दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा सुरत-बारडोलीकडे कामाला जाणाऱ्यांसाठी माझं मत फ्लुओक्सेटिनला. पोचायला-यायला उशीर झाला तरी घसरगुंडी होत नाही. फ्लुओक्सेटिन सकाळीच. रात्री घेतली की झोप उडते आणि दोष "गरम पडली" म्हणून औषधाला लागतो.

सोबतच्या औषधांवर नजर ठेवा. ट्रामाडॉल सगळ्यात वाईट. गुडघेदुखीच्या चिठ्ठीत असते, नंदुरबारकडे सिकलसेलच्या वेदनेतही दिली जाते. एसएसआरआयसोबत ती फिटही आणू शकते आणि सेरोटोनिन सिंड्रोमही: घाम, थरथर, जुलाब, ताप, घोट्याला झटके. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात लिनेझोलिड असते, तिच्यासोबत यातली कुठलीही गोळी परस्पर चालू ठेवू नका, टीबी युनिटला आधी विचारा. खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनकडेही लक्ष असू द्या. डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन रोज चालू असेल तर एसएसआरआयने पोटातून रक्त जायची शक्यता वाढते. पोटासाठी पॅन्टोप्राझोल द्या, ओमेप्राझोल नको. ओमेप्राझोलने एसिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढते. बीपी-हृदयाची मेटोप्रोलॉल चालू असताना फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन दिली की नाडी फार मंदावते. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर याच दोन आणि ब्युप्रोपिऑन टाळा, टॅमॉक्सिफेनचा उपयोग कमी होतो.

आपल्या भागाचा एक मुद्दा राहिलाच: मे महिना. पारा ४५ च्या पुढे जातो. अमिट्रिप्टिलिनने घाम कमी येतो, म्हणजे दुपारी केळीच्या बागेत काम करणाऱ्याचं अंग तापतं आणि निववायला घामच नाही. एसएसआरआयने उलट घाम वाढतो. वर घामाने मीठ जातं आणि पेशंट नुसतं साधं पाणी ढोसतो. थायझाइडवाल्या आबांचं सोडियम मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा तपासा. "उन्हामुळे गळून गेले, बरळतात" म्हणून आणलेल्या म्हाताऱ्याच्या पाकिटात एसएसआरआय आहे का ते बघा.

---

तापी_फिजिशियन

अमिट्रिप्टिलिनला एवढं झोडपू नका भाऊ. पहिल्या प्रकारच्या बाईंना एसिटालोप्रामसोबत रात्री अमिट्रिप्टिलिन १० दिली तर दुखणं आणि झोप दोन्ही आठवड्यात सुधारतं, आणि त्या निमित्ताने पेशंट पुढच्या भेटीला येतो. पहिले तीन आठवडे पेशंट टिकवून धरणं हीच तर लढाई असते. अट इतकीच की ती डिप्रेशनची गोळी म्हणून लिहायची नाही, आणि चाळिशीनंतर किंवा छातीचा त्रास असेल तर ईसीजी काढल्याशिवाय नाही.

एक इशारा मात्र देतो. फ्लुओक्सेटिनसोबत अमिट्रिप्टिलिन देऊ नका. फ्लुओक्सेटिन लिव्हरमधलं एन्झाइम अडवते आणि २५ ची गोळी शरीरात त्याहून बऱ्याच मोठ्या डोससारखी वागते. सरकारी खिडकीतून या दोन्ही एकाच पाकिटात जाताना मी पुष्कळदा पाहतो. एसिटालोप्रामसोबत हा त्रास कमी, पण दोन्ही क्यूटी लांबवतात, तेवढं ध्यानात ठेवा.

बाळंतिणीचंही कुणी बोललं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला सर्ट्रालिन, दुधात फार थोडी उतरते. दूध तोडायला सांगायचं कारण नाही. गरोदरपणात नव्याने पॅरोक्सेटिन सुरू करू नका. आणि आधीपासून एखादी गोळी चांगली लागू असेल तर पाळी चुकली म्हणून घाबरून एकदम बंद करू नका, आधी तज्ज्ञांशी बोला.

---

नंदुरबार_समुपदेशक

डॉक्टर मंडळींनी गोळ्यांचं छान उलगडलं. मी मोजण्याबद्दल आणि पेशंट परत येण्याबद्दल लिहिते.

पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजायची प्रश्नावली मराठीत आहे, नऊ प्रश्न, २७ पैकी गुण. १० ते १४ मध्यम, १५ ते १९ त्याहून वरचं, २० आणि पुढे तीव्र. सुरुवातीचा आकडा केसपेपरच्या कोपऱ्यात लिहा, शेजारी तारीख. आकडा निम्म्यावर आला की गोळी लागू, ५ च्या खाली आला की बरं. "बरं वाटतं का?" असं विचारलं तर बाया हो म्हणतात, डॉक्टरांचं मन राखायला. आकडा असं मन राखत नाही. पण फॉर्म हातात देऊन भरून घेऊ नका. वाचून, बोलीत विचारा. "स्वारस्य वाटत नाही" हे पुस्तकी मराठी अहिराणी बोलणाऱ्या आजीबाईला कळत नाही. शेजारणीकडे जावंसं वाटतं का, शेवभाजी केली तर गोड लागते का, असं विचारलं की उत्तर मिळतं. पावरी-भिल्ली बोलणाऱ्यांसाठी आशाताईंना जवळ बसवा, पण नवव्या प्रश्नाच्या वेळी गावातली ओळखीची बाई समोर नको.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तो गाळू नका. विचारल्याने डोक्यात विचार घुसत नाही, ही भीती खोटी आहे. उत्तर शून्याच्या वर असेल तर पुढचे तीन: काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, आधी कधी केलं होतं का. आपल्याकडे साधन म्हणजे बहुतेक वेळा फवारणीचं औषध. कपाशीच्या हंगामात ते घरातच, धान्याच्या कोठीशेजारी असतं. घरच्यांना सांगायचं: आजच ते भावकीत दुसऱ्याच्या खळ्यावर, कुलपात. नुसतं "लक्ष ठेवा" याला काही अर्थ नाही. गोळ्याही सात दिवसांच्याच द्या आणि बायको किंवा आईच्या हातात. पंचवीसच्या आतल्या पोरांमध्ये गोळी सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे आणि डोस बदलतानाचे दिवस जास्त जपायचे, असे विचार वाढू शकतात. पहिली भेट सातव्या दिवशी, महिन्याने नाही. येणं जमत नसेल तर निदान फोन. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पाकिटावरच लिहून द्या, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात.

पाकिटावर अजून दोन ओळी लिहाव्यात असं मला वाटतं. "गुण यायला ३ ते ४ आठवडे" आणि "बरं वाटलं तरी बंद करायची नाही". आपल्या लोकांना गोळी म्हणजे तापाची गोळी. ताप उतरला की बंद. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर अजून सहा ते नऊ महिने, दुसऱ्या-तिसऱ्यांदा असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. हे ऐकून चेहरे पडतात. बीपीच्या गोळीशी तुलना केली की पटतं, पण "जन्मभर" हा शब्द चुकूनही काढू नका.

पुरुष एक गोष्ट आपणहून सांगत नाहीत आणि तिच्यामुळेच औषध सोडतात: संबंधाच्या वेळी उशीर होणं, इच्छा मरणं. एसएसआरआय आणि व्हेन्लाफॅक्सिनने होतं, पॅरोक्सेटिनने सगळ्यात जास्त. मिर्टाझापिन आणि ब्युप्रोपिऑनने कमी. मी बाई म्हणून मला ते सांगत नाहीत, तुम्ही डॉक्टरांनी दार लावून विचारा.

---

सातपुडा_पायथा

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी अजून अडतात. चौथ्या आठवड्याला पीएचक्यू १७ वरून १५ च झाला तर काय? आणि फ्लुओक्सेटिनवरून दुसरीकडे जाताना मधे किती दिवस सोडायचे?

---

पांझरा_काठ

१७ वरून १५ म्हणजे फरक पडलाच नाही असं धरा. पण गोळी बदलण्याआधी चार गोष्टी तपासा. गोळी खरंच पोटात जाते का (रिकाम्या पट्ट्या मागवा, तोंडी उत्तरावर जाऊ नका). दारू चालू आहे का. थायरॉइडचा रिपोर्ट आला का. आणि घरातला छळ, कर्ज, सासर यातलं काही तसंच चालू आहे का, कारण ते गोळीच्या आवाक्यात नाही. तिथे समुपदेशक ताईंकडे पाठवा. दिवसाला एक छोटं काम ठरवून करायला लावणारी वर्तनाधारित पद्धत मध्यम डिप्रेशनमध्ये गोळीच्या जोडीला चांगली चालते.

हे सगळं ठीक असेल आणि डोस कमी असेल तर डोस वाढवा: एसिटालोप्राम १० ची १५, मग २० (६५ नंतर मात्र १० च्या वर नाही), सर्ट्रालिन ५० ची १००, फ्लुओक्सेटिन २० ची ४०. त्यापलीकडे ओढण्यात फारसा अर्थ नाही. २०१९ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात फ्लुओक्सेटिन २० ते ४० च्या बरोबरीच्या मात्रेपर्यंत गुण वाढत गेला, नंतर मुख्यतः त्रासच वाढला. वाढवलेल्या डोसवर अजून दोन ते चार आठवडे द्या. आकडा निम्म्याकडे सरकत असेल तर घाई करू नका. स्टार-डीमध्येही पूर्ण बरं वाटलेल्या बऱ्याच जणांना सहा आठवड्यांहून जास्त लागले होते. चौथ्या आठवड्याला काहीच हाललं नसेल आणि डोस आधीच पुरेसा असेल तर मात्र बदला. एका एसएसआरआयवरून दुसऱ्या एसएसआरआयवर जायला हरकत नाही. दोन वेगळ्या गोळ्या पुरेशा डोसमध्ये, पुरेसा वेळ देऊनही फसल्या की मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा, तिसरी तुम्ही लिहू नका.

फ्लुओक्सेटिनवरून: थांबवा, चार ते सात दिवस सोडा आणि दुसरी गोळी कमी डोसने सुरू करा. ती हळूहळू उतरवायची गरज नाही, आपोआपच उतरते. पण तिचा अंश पाच आठवड्यांपर्यंत शरीरात असतो, म्हणून तेवढ्या काळात अमिट्रिप्टिलिन आणि ट्रामाडॉलपासून लांब राहा. एसिटालोप्रामवरून सर्ट्रालिनवर: १० ची ५ एक आठवडा, मग बंद आणि दुसऱ्या दिवशी सर्ट्रालिन २५ किंवा ५०. एसिटालोप्रामवरून मिर्टाझापिनवर: एक उतरवत दुसरी चढवत, दोन आठवडे. व्हेन्लाफॅक्सिन उतरवायची तर ७५ ची ३७.५ किमान दोन आठवडे, शेवटचा टप्पा सगळ्यात हळू. बंद केल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर आणि करंट आले तर ती औषध सुटल्याची लक्षणं, आजार उलटल्याची नाहीत. मागच्या डोसवर परत गेलं की दिवसा-दोन दिवसांत शमतात. आजार उलटतो तो सावकाश, आठवड्यांनी.

---

जळगाव_औषधशास्त्र

सरांच्या रिकाम्या पट्टीच्या सूचनेला एक जोड. पट्टी मागवताना तिच्यावरचं नाव आणि मि.ग्रॅ. वाचा. खिडकीतला साठा संपला की पेशंट बाहेरून घेतो, आणि तिथे एसिटालोप्राम १० च्या जागी क्लोनाझेपामवाली जोडगोळी हातात येते. नावात शेवटी एखादं अक्षर किंवा "प्लस" एवढाच फरक असतो. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहा, आणि खाली मराठीत "एकच औषध, जोडगोळी नको".